बर्फाचा बेत

साजगावात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो. मासळीवालीच्या थर्माकोलच्या पेटीत आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. पहिला कोणी खात नाही आणि दुसरा खाऊ नये असे डॉक्टर सांगतात. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटर उंच. मे महिन्यात अंगणात ठेवलेली बादली दुपारपर्यंत आंघोळीचे पाणी आपोआप तापवून देते. जानेवारीत एखाद्या रात्री दुसरी गोधडी लागली तर त्या थंडीची चर्चा पुढे आठवडाभर चालते. अशा गावातली पन्नाशी उलटलेली सहा-सात माणसे दरवर्षी दिवाळी झाली की हिमनदीवर जायचा बेत करायला बसतात, असे बाहेरच्या माणसाला सांगितले तर तो आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "एखादी जागा आहे का?"

बेत करायला बसतात, असे मी म्हणालो. कधीमधी जातातही. पण बसणे चुकत नाही.

याला आमच्याकडची जमीनही थोडी जबाबदार आहे. पूर्वेला खंडाळ्याच्या घाटाची भिंत आणि तिच्यावरचे नागफणीचे टोक, उत्तरेकडे माथेरानचा पसारा, त्याच्या अलीकडे-पलीकडे इर्शाळ आणि प्रबळ. कर्जतला जाऊन उतरले की राजमाचीसाठी कोंदिवडे, कोथळीगडासाठी आंबिवली, ढाकच्या बहिरीसाठी सांडशी आणि भीमाशंकरसाठी खांडस. खांडसहून शिडीघाटाने जायचे की गणेशघाटाने, यावर लग्नाच्या पंगतीत हमरीतुमरीवर आलेली माणसे मी पाहिली आहेत. डोंगर इतके जवळ असले की माणसाचे दोन प्रकार होतात. एक आयुष्यभर डोंगराकडे पाठ करून बसतो. दुसऱ्याला कुठलाही डोंगर पुरत नाही.

शिवाय प्रवासाची सोय लावणे हा या भागाचा जुना धंदा आहे. आगगाडी आमच्या शेजारच्या खोपोलीला १८५६ मध्ये आली आणि तिथेच थांबली, कारण पुढे घाट होता. खंडाळ्याहून पुण्याकडे रूळ दोनच वर्षांत पडले, पण मधला घाट गाडीने चढायला १८६३ उजाडावे लागले. त्या मधल्या वर्षांत मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस खोपोलीत उतरायचा आणि पालखीतून, तट्टावर किंवा पायी घाट चढून खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. भोई किती, ओझे किती, पाऊस आला तर काय, अंधार पडला तर कुठे, ही सगळी उठाठेव इथेच होत असणार. आमच्या बैठका त्याच परंपरेत बसतात असे मी मानतो. फरक एवढाच की ते लोक पुण्याला पोचत असत.

आमच्या बैठकीत पदे आहेत. निवृत्त भूगोल शिक्षक नकाशा पाहतात, त्यांना आम्ही गुरुजी म्हणतो. पतसंस्थेतून निवृत्त झालेले एक जण खजिनदार आहेत. औषधांचे दुकान असलेले मित्र वैद्यकीय प्रमुख. एक जण फक्त हवामान सांगतात. त्यांना कोणी नेमलेले नाही, पण ते ढगाकडे बघून असा चेहरा करतात की पद आपोआप मिळते. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एकाच मोहिमेत आठ जणांना एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचवले. आमच्या पडवीत ठरलेल्या वेळेला आठ जण एकत्र पोचल्याची नोंद नाही.

पहिला वाद नेहमी जागेचा. एक पक्ष गंगोत्री-गोमुखाचा, दुसरा कुमाऊंमधल्या पिंडारीचा. गोमुखाच्या बाजूने मुख्य मुद्दा असा की घरच्यांना 'तीर्थयात्रा' असे सांगता येते. पिंडारीच्या बाजूने मुद्दा असा की तिथे वाटेत धाकुरी, खाती, द्वाली, फुर्किया असे ठरावीक मुक्काम आहेत, तंबू पाठीवर वाहावे लागत नाहीत. खजिनदार दोन्ही ठिकाणांचा खर्च काढतात आणि मग शांतपणे विचारतात, "महाबळेश्वर चालेल का?"

जागा ठरली की तिकिटे. पूर्वी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी उघडायचे. मे-जूनच्या प्रवासासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच सगळ्यांची नावे, वये आणि निश्चय पक्के करावे लागत. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. रेल्वेने हे कशासाठी केले ते रेल्वे जाणे, आमच्या मंडळींना मात्र निश्चय बदलायला आणखी दोन महिने मिळाले. खोपोलीहून कर्जत, कर्जतहून कल्याण, तिथे उत्तरेकडची गाडी आणि मग हरिद्वार. हरिद्वार-ऋषिकेशहून उत्तरकाशी हा डोंगरी रस्त्याचा एक पूर्ण दिवस, आणि उत्तरकाशीहून गंगोत्री आणखी शंभर किलोमीटर. या सगळ्यात गुरुजींना सर्वांत अवघड टप्पा वाटतो तो पहिला. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी चार स्टेशने आणि पंधरा किलोमीटर. पण ती एक लोकल चुकली की पुढची कधी येते ते पाहून त्यांना गंगा खरोखर दूर वाटू लागते.

सामानाची यादी हा मात्र बैठकीचा आत्मा. तिच्यात थर्मल, पोंचो, लोकरीचे मोजे, हातमोजे, गॉगल, डोक्याला बांधायची बॅटरी हे सगळे असते. हे सामान खोपोलीच्या बाजारात एप्रिलमध्ये विचारायला गेले तर दुकानदार आधी आपल्या तब्येतीची चौकशी करतो. मग माळ्यावरून एक कानटोपी काढतो. ती झटकल्यावर निघणारी धूळ पाहून ती कोणत्या हिवाळ्यातली असेल याचा अंदाज करता येतो. बूट नवे असतील तर ते आधी वापरून सैल करावे लागतात, नाहीतर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतात. म्हणून मार्च-एप्रिलच्या रणरणत्या उन्हात, भात कापून झालेल्या मोकळ्या शेतांच्या बांधांवरून, घोट्यापर्यंत जाड बूट घातलेली पोक्त माणसे एकामागोमाग चालताना दिसतात. ढेकळांवरून चालायचा हा सराव अगदी योग्य आहे हे पुढे कळते. त्याचे कारण यथावकाश सांगतो.

यादी पुरी झाली की ती आम्ही मोठ्या अभिमानाने स्वयंपाकघरात वाचून दाखवतो, आणि तिथे ती नापास होते. कोकणातल्या बाईला बेगमी शिकवायला जाणे हा उद्धटपणाच आहे. आगोटीच्या आधी, म्हणजे मृगाचा पाऊस पडायच्या आत, चार महिन्यांचे घर बसवायचे असते: लाकडे, गोवऱ्या, कांद्याच्या माळी, पापड-कुरडया, मसाला, सुके बोंबील, जवळा, सुकट. काय किती लागेल, काय आधी संपेल, कशाला बुरशी येईल, पाहुणा आला तर काय वाढायचे, हे सगळे तिच्या डोक्यात असते आणि कुठेही लिहिलेले नसते. माझ्या बायकोने आमची यादी ऐकली आणि एवढेच विचारले, "अहो, चार दिवस पाऊस लागला आणि एकाच जागी बसावं लागलं, तर त्यात खायचं काय?" आमच्या यादीत गॉगल दोन होते आणि जास्तीचा शिधा शून्य. हिमालयातल्या मोहिमांत खराब हवेसाठी राखीव दिवस ठेवतात आणि त्या दिवसांचे अन्न वेगळे बांधतात. हे आम्ही पुस्तकात वाचले होते. तिने ते आगोटीवरून ओळखले.

तिचा दुसरा प्रश्न होता, "तिकडे चुलीला लाकडं मिळतात का?" मिळत असत, हे त्याचे उत्तर. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना नऊ किलोमीटरवर चीरबासा, चौदा किलोमीटरवर भोजबासा. ही नावे चीड आणि भूर्ज या झाडांवरून पडली. यात्रेकरू, धाबेवाले, ट्रेकवाले अशा सगळ्यांच्या चुली त्याच भूर्जवनावर पेटत राहिल्या आणि भोजबासा नावापुरता उरला. हर्षवंती बिष्ट या उत्तरकाशीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाई. १९८१ मध्ये नंदादेवीच्या शिखरावर गेलेल्या. त्यांनी तिथे रोपवाटिका केली आणि त्या उंचीवर पुन्हा भूर्ज लावले. पुढे त्या भारतीय गिर्यारोहण महासंघाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आता तिथे जाताना गॅस किंवा स्टोव्ह न्यायचा आणि झाडाला हात लावायचा नाही. हे ऐकून खजिनदारांनी खर्चात गॅस धरला आणि एक सुस्कारा सोडला.

खाण्याच्या बाबतीत मात्र एका वर्षी मोठाच धर्मसंकटाचा प्रसंग आला. साजगावची ओळख ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे ताकईला विठोबाचे देऊळ आहे आणि कार्तिकी एकादशीपासून तिथे मोठी जत्रा भरते. पंढरपूरच्या वारीत जे कोणी स्वप्नातही आणणार नाही ते या जत्रेत ढिगाने विकले जाते, ते म्हणजे सुकी मासळी. म्हणून या देवाला लोक प्रेमाने 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. तुकोबा मिरचीच्या व्यापारासाठी इथे येत असत, अशी आख्यायिका आहे. तर अशा गावातल्या माणसाला प्रवासात सुकटीची चटणी नेणे जितके स्वाभाविक, तितकेच ते गंगोत्रीसारख्या तीर्थक्षेत्री निषिद्ध. हलकी, टिकाऊ, पोटभरीची, चार दिवस पावसात बसावे लागले तरी न बिघडणारी. शास्त्रीय दृष्टीने तिच्यात दोष काढता येत नव्हता. "आमच्या विठोबाच्या दारात चालते ती गंगामाईला का चालू नये?" असा बिनतोड सवाल वैद्यकीय प्रमुखांनी केला. यावर एक संध्याकाळ गेली. अखेर खजिनदारांच्या घरून निरोप आला की देवाच्या गावाला जाताना वशाट नेलेत तर परत येताना थेट आळंदीला जा, घरी येऊ नका. शेंगदाण्याची चटणी बहुमताने मंजूर झाली.

आता उंचीचे गणित. आमच्यासारख्यांची खरी फसगत इथे होते.

सह्याद्रीतल्या माणसाचे डोंगराचे हिशेब ठरलेले असतात. सकाळी निघायचे, दोन-तीन तासांत माथा, तिथे भाकरी-पिठले, टाक्यातले पाणी, संध्याकाळच्या लोकलने घरी. ज्याचा दम चांगला तो पुढे. या सवयीने माणूस हिमालयाचाही बेत करतो: एवढे किलोमीटर, भागिले एवढा वेग, म्हणजे एवढे दिवस. पण तिकडे अंतरापेक्षा उंचीला महत्त्व असते. साजगाव साठ-सत्तर मीटर. माथेरान आठशेच्या आसपास. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. आणि विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे हा त्रास आपल्याला होतो की नाही हे तपासायला सबंध महाराष्ट्रात एक जागा नाही. घाम काढायला, गुडघे घासायला, बूट सैल करायला हवे तेवढे कडे आहेत, पण श्वासाची परीक्षा घेणारा एकही नाही. गंगोत्री ३००० मीटरच्या थोडी वर, गोमुख ४००० मीटरच्या आसपास. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या साठ-बासष्ट टक्के. कल्याणला गाडीत बसलेला माणूस काही दिवसांतच तिथे उभा राहतो आणि आपल्याला जिना चढल्यासारखी धाप का लागली म्हणून आश्चर्य करतो.

याचा नियम जगभर एकच आहे. तीन हजार मीटरच्या वर रोजचा झोपायचा मुक्काम आधीच्यापेक्षा पाचशे मीटरहून जास्त चढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, पाणी भरपूर प्यावे, डोके दुखायला लागले तर वर जाऊ नये आणि वाढले तर खाली उतरावे. यात चपळ माणसाला सवलत नाही. उलट रोज घाट पळत चढणारा तरुण जास्त वेगाने वर जातो आणि आधी आडवा होतो. धापा टाकत, दर वळणावर फोटो काढण्याच्या निमित्ताने थांबणारा स्थूल माणूस कधीकधी ठणठणीत राहतो. आमच्या वैद्यकीय प्रमुखांना हे शास्त्र फार आवडते. विरळ हवेवरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची असते, पण 'हळू चाला' हे औषध ते आपल्या अधिकारात देतात आणि स्वतः सर्वांत आधी घेतात.

आणि बर्फ? बर्फाबद्दल मला जरा बोलायचेच आहे. हिमनदी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुधासारखी पांढरी, चकाकणारी, सिनेमातली नायिका जिच्यावरून घसरत येते तशी काहीतरी वस्तू येते. प्रत्यक्षात ट्रेकवाल्याला भेटणारी हिमनदी म्हणजे दगडगोट्यांची पडीक जमीन. वरच्या कड्यांवरून पडलेले दगड, माती, चुरा तिच्या पाठीवर साचतो, आणि चालायचे असते त्या दगडांवरून. पायाखालचा धोंडा हलतो, बाजूला खाली कुठेतरी पाण्याचा घर्र आवाज येतो आणि एखाद्या फटीतून निळसर बर्फ दिसतो, तेव्हा समजते की आपण नदीच्या डोक्यावर उभे आहोत. बांधावरच्या ढेकळांचा सराव कामी येतो तो इथे. गंगोत्रीची हिमनदी तीस किलोमीटर लांब आहे आणि तिचे तोंड, म्हणजे गोमुख, मळकट राखाडी रंगाचे आहे. तिथला फोटो घरी दाखवला की सगळे विचारतात, "बर्फ कुठाय?" ताजा पांढरा बर्फ दिसतो तिथे तर जास्त जपायचे, कारण भेगांवर त्याचा पातळ पापुद्रा धरलेला असू शकतो. म्हणूनच खऱ्या बर्फावरून जाणारे लोक एका दोराला बांधून घेतात आणि मध्यरात्री दोन-तीनला निघतात. उन्हे येऊन पापुद्रा मऊ व्हायच्या आत त्यांना पलीकडे जायचे असते. रात्री दोनला उठायचे, या एका कलमावर आमची मंडळी दोरीचे सगळे बेत रद्द करतात आणि 'गोमुखापर्यंत पुरे' असा ठराव करतात.

ते गोमुखही एका जागी राहत नाही. हिमनदीचे तोंड वर्षाला पंधरा-वीस मीटरच्या हिशेबाने मागे सरकत आले आहे. बेत जितकी वर्षे लांबेल तितके चालणे वाढते, हे मी बैठकीत अधूनमधून सांगतो. गुरुजी त्यावर आमच्या पाताळगंगेचे उदाहरण देतात. तिचे गोमुख पाहायला परवाना लागत नाही. लोणावळ्याच्या बाजूची धरणे, तिथून कडा उतरणारे मोठाले नळ आणि पायथ्याला १९१५ पासून चालणारे टाटांचे खोपोलीचे वीजघर. घाटावरचे जे पाणी इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून बंगालच्या उपसागरात जायचे, ते नळातून खाली येऊन वीज करून पाताळगंगेत पडते आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळते. उन्हाळ्यात नदीला पाणी दिसते ते त्याच कृपेने. गंगा बर्फातून येते, पाताळगंगा पाइपातून. "आणि आपली मागे सरकत नाही," असे खजिनदार म्हणतात.

एका वर्षी बेत फारच उत्तरेला गेला. अमेरिकेत असलेल्या माझ्या भाच्याने फोन करून सांगितले, "मामा, हिमालय नेहमीचाच आहे. अलास्काला या." त्याने डेनाली राष्ट्रीय उद्यानाची माहिती पाठवली आणि गुरुजींनी नकाशा पडवीत पसरला. आपला रायगड जिल्हा सात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. तसे तीन त्या उद्यानात मावून वर जागा उरेल. आणि एवढ्या मुलखात रस्ता एक, १४८ किलोमीटरचा. पायवाटा जवळपास नाहीतच. परवाना घ्यायचा, एक विभाग ठरवून घ्यायचा आणि रस्ता सोडून चालू लागायचे. नद्यांना पूल नाहीत. उन्हाळ्यात रात्र अशी होतच नाही म्हणावे, त्यामुळे 'अंधार पडायच्या आत खाली' हा आमचा एकमेव सुरक्षा नियम निकामी. आणि अस्वले. अन्न अस्वलाला उघडता येणार नाही अशा खास डब्यात बंद करून, झोपायच्या जागेपासून लांब ठेवायचे, कारण त्याला वास फार दुरून येतो.

इथे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सुकट उभी राहिली. साजगावची सुकट भाजायला घेतली की लौजीच्या स्टेशनावर माणूस ओळखतो. तिथे डबा उघडला असता तर अलास्कातल्या अस्वलांची कार्तिकी भरली असती.

पण मला त्या कागदांत वेगळीच गोष्ट सापडली. त्या उद्यानाचा तो एकुलता एक रस्ता ऑगस्ट २०२१ मध्ये निम्म्यातून बंद करावा लागला. कारण दरड. जमिनीतला हजारो वर्षांचा बर्फ वितळू लागला आणि सबंध उतार रस्त्यासकट खाली सरकायला लागला. हे वाचून मला परक्या देशात गाववाला भेटावा तसे वाटले. घाटातल्या आडोशी बोगद्याजवळ दरड आली की आम्हीही असेच बसतो. फक्त आम्हाला कारण शोधायला हजारो वर्षे मागे जावे लागत नाही, जुलै महिना पुरतो.

अलास्काचा बेत अर्थातच पडला, पण त्याने एक गोष्ट नजरेत आणून दिली. तिथे माणूस नाही, म्हणून सगळा भार आराखड्यावर. नकाशा, डबा, परवाना, हिशेब, सगळे आपल्यापाशी हवे. आपल्याकडे हिमालयातही आणि सह्याद्रीतही डोंगरात माणूस राहतो. तरी आमच्या यादीत तो नेहमी शेवटी. 'किरकोळ'च्या वर, 'चहापाणी'च्या खाली: 'वाटाड्या, लागल्यास.' आणि खर्च कमी करायचा झाला की खजिनदारांची पेन्सिल पहिल्यांदा त्याच ओळीवर येते.

आमच्याच पंचक्रोशीने हे तरी समजायला हवे होते. उंबरखिंड इथून हाकेच्या अंतरावर. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान मोठे सैन्य घेऊन कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरायला निघाला. त्याचा बेत कागदावर वाईट नव्हता. पण झाडी, खिंड, पाणी, वळणे ठाऊक असलेली माणसे शिवाजी महाराजांकडे होती आणि खानाकडे फक्त बेत होता. खंडणी देऊन, सामान टाकून त्याला परत जावे लागले. दुसरी गोष्ट बोरघाटातल्या शिंग्रोबाची. घाटातून जाणारा-येणारा त्याच्या देवळापाशी नाणे टाकतो. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, ती या धनगराने दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याने साहेबाला देश सोडून जा म्हटले तेव्हा त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. कथा किती खरी हा प्रश्न इतिहासवाल्यांचा. लोकांनी देऊळ इंजिनिअराचे बांधले नाही, वाट दाखवणाऱ्याचे बांधले, हे मात्र रोज दिसते.

आणि इर्शाळवाडी. इर्शाळगडाच्या वाटेवरची ठाकरांची वाडी. गडावर जाणारे लोक तिथे पाणी पीत, वाट विचारत. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर वाडीवर आला. वर गाडीरस्ता नव्हता. खोपोलीची यशवंती हायकर्स, 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' ही मंडळी आणि आसपासचे कितीतरी लोक चिखलातून, पावसातून पायी चढले. हौस म्हणून शिकलेले डोंगर चढणे त्या रात्री कामाला आले. त्यानंतर आमच्या पडवीत दरडीवर विनोद जपून होतात. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्याच रस्त्यावरचे धराली गाव खीरगाडच्या लोंढ्याखाली गेले, महाराष्ट्रातले यात्रेकरूही तिकडे अडकून पडले, तेव्हा आमच्यातला कोणीतरी "तारीख एक आठवडा पुढे ढकलू" यापलीकडचे काहीतरी पहिल्यांदाच बोलला: पावसाळ्यात तिकडे जायचेच नाही. हवामानवाल्यांनीही ढगाकडे न बघता मान्य केले.

तेव्हापासून यादीचा क्रम बदलला आहे. सर्वांत वर वाटाड्या, त्याची मजुरी, त्याचा विमा, त्याचे जेवण, आणि 'तो परत फिरा म्हणाला तर परत' असे गुरुजींच्या सुवाच्य अक्षरात एक कलम. खजिनदारांनी त्यावर सही करताना पेन्सिल खाली ठेवून पेन घेतले, ही आमच्या मंडळाच्या इतिहासातली मोठी घटना समजावी.

तुमचाही असा बेत शिजत असेल तर तिकिटाच्या आधी तिथल्या माणसाला गाठा. गोमुखाकडे जायला वन खात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला दीडशे माणसांनाच सोडतात, तेव्हा तारीखही त्यालाच विचारून ठरवा. हवा, वाट आणि रस्ता यांची खबर त्याच्याइतकी कोणत्याही मोबाइलला नसते. तो जी मजुरी सांगेल तिच्यात घासाघीस करू नका. घासाघीस करायची हौस असेलच तर कार्तिकी एकादशीनंतर साजगावात या. पंधरा दिवस सुक्या मासळीचा बाजार असतो, आणि तिथल्या बायका कोणाला ऐकत नाहीत.